आळंदी : इंद्रायणीच्या काठावरील एका छोट्या नगराचा भूगोल आणि इतिहास

नदीकाठच्या गावांविषयीच्या या धाग्यात आज आळंदी. ज्या गावाविषयी प्रत्येक मराठी माणसाला काहीतरी ठाऊक असते, त्याच गावाविषयी लिहिणे अवघड असते. आळंदी म्हटले की १२९६ हे साल, संजीवन समाधी, चालवलेली भिंत आणि पालखीचे प्रस्थान या गोष्टी एका रांगेत मनात उभ्या राहतात. त्यांच्यामागे एक नदी वाहत असते, पण तिच्याकडे आपण पाहतो ते स्नानापुरते. या लेखात मी क्रम उलटा ठेवणार आहे. आधी नदी, मग गाव, आणि त्यानंतर संत.

मी राहते महाळुंग्याला. पुणे जिल्ह्यात महाळुंगे एकाहून अधिक आहेत, त्यामुळे आधी खुलासा केलेला बरा : बाणेरजवळचे, मुळेच्या काठचे ते दुसरे. आमचे महाळुंगे इंगळे हे खेड तालुक्यातले, चाकणच्या पश्चिमेचे. महाळुंग म्हणजे ते मोठे, जाड सालीचे, ओबडधोबड लिंबू. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हातात जे फळ आहे तेच. गावाच्या नावात हे झाड उरले आहे. गावात आज दिसतात ती कारखान्यांची प्रवेशद्वारे, कंटेनरच्या रांगा आणि भाड्याच्या खोल्या. चाकणच्या उत्तरेला भामा वाहते आणि दक्षिणेला इंद्रायणी. आमच्या बाजूचे ओढे निघोजे-मोईच्या दिशेने उतरून इंद्रायणीला मिळतात. म्हणजे महाळुंग्यातल्या एखाद्या खोलीच्या मोरीतून वाहिलेले पाणी, वाटेत कोणी अडवून शुद्ध केले नाही तर, आळंदीच्या घाटावरून जाते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला आपल्या विषयाशी एवढे थेट नाते क्वचितच लाभते, आणि ते फारसे सुखावह नाही.

इंद्रायणी उगम पावते लोणावळ्याजवळ, कुरवंड्याच्या परिसरात, सह्याद्रीच्या अगदी कड्यालगत. तिथून ती पूर्वेकडे मावळातून येते आणि सुमारे शंभर किलोमीटरचा प्रवास करून तुळापूरला भीमेत विलीन होते. नदीच्या मानाने हे अंतर लहान, पण या शंभर किलोमीटरांत पावसाचे दोन वेगळे प्रदेश सामावले आहेत. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आळंदीच्या पट्ट्यात तो सहाशे-सातशेच्या घरात येतो. उगमाशी भाताची खाचरे आणि खाली बाजरी-ज्वारीची शेते, असा हा उतार आहे. त्यामुळे आळंदीला पूर येतो तेव्हा तो बहुतेक वेळा आळंदीच्या पावसाचा नसतो. वर मावळात आभाळ फाटलेले असते आणि खाली घाटाच्या पायऱ्या कोरड्या ऊन्हात बुडत असतात.

या नदीच्या माथ्याशी घडलेली एक गोष्ट इतिहासाच्या पुस्तकांत सहसा मुंबईच्या प्रकरणात सापडते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात टाटांच्या जलविद्युत प्रकल्पासाठी लोणावळा आणि वळवण येथे पाणी अडवण्यात आले. पूर्वेकडे वाहू पाहणारे हे पाणी पश्चिमेला, घाटाखाली खोपोलीच्या वीजगृहात सोडले गेले आणि १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांना त्याची वीज मिळू लागली. अर्थात इंद्रायणीच्या माथ्यावरचा काही पाऊस शंभरहून अधिक वर्षे आळंदीकडे येतच नाही. तो वीज होऊन कोकणात उतरतो. त्या अभियांत्रिकीबद्दल मला आदर आहे. पण नदीचे चरित्र लिहायचे तर तिच्या पहिल्याच पानावर हे वळण नोंदवावे लागेल.

आणखी खाली, तळेगाव-इंदुरीच्या बाजूला कुंडमळा आहे. तिथे पाण्याने आणि पाण्याबरोबर घरंगळणाऱ्या गोट्यांनी काळ्या बसाल्टमध्ये रांजणखळगे कोरले आहेत. जून २०२५ मध्ये तिथला जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीसह कोसळला आणि चार जणांचा मृत्यू झाला, तेव्हा हे नाव घरोघरी पोहोचले. भूगोलाच्या दृष्टीने कुंडमळा आपल्याला एक मूलभूत गोष्ट सांगतो : ही नदी खडकावरून वाहते. चार महिने उन्मत्त, नंतर झरझर ओसरणारी, आणि उन्हाळ्यात डोहांपुरती उरणारी. तिच्यातून मालाची नाव चालणे शक्य नव्हते.

ही साधी गोष्ट आपल्या नदीकाठच्या नगरांचे रूप ठरवते. युरोपातल्या एखाद्या छोट्या नदीनगराशी तुलना केली की फरक लगेच दिसतो. स्लोव्हेनियात द्रावा नदीच्या काठी प्तुय नावाचे लहानसे जुने शहर आहे. रोमन काळात त्याचे नाव पोएतोव्हियो होते. बाल्टिककडून येणारा अंबराचा व्यापारी मार्ग तिथे द्रावा ओलांडत असे. नदीवर पूल होता, पुढे वर टेकडीवर किल्ला आला आणि त्याच्या पायथ्याशी व्यापाऱ्यांची वस्ती वाढली. तिथल्या नगराचे तोंड पुलाकडे. आपल्याकडे काठावर धक्का नाही, गोदी नाही. आहे तो घाट. नगराचे तोंड नदीकडे असते, पण माणसे पाण्यात उतरावीत म्हणून, माल चढावा म्हणून नव्हे. वाई, पैठण, पंढरपूर, नेवासे, आळंदी यांपैकी कोणतेही गाव पाहा.

तरीही ओलांडण्याचा प्रश्न होताच. जुन्नरकडून येणारी वाट खेड आणि चाकणवरून दक्षिणेला उतरते, आणि पुण्याकडे जायचे तर तिला इंद्रायणी पार करावीच लागते. म्हणून या पट्ट्यात दर काही कोसांवर इतिहास साचलेला आहे. चाकणचा संग्रामदुर्ग हा भुईकोट. १६६० च्या ऐन पावसाळ्यात शाइस्ताखानाच्या प्रचंड फौजेपुढे फिरंगोजी नरसाळ्याने तो पन्नासहून अधिक दिवस लढवला आणि शेवटी सुरुंगाने बुरूज उडाल्यावर तो पडला. इंदुरीला दाभाड्यांची गढी. खाली तुळापूर, जिथे १६८९ च्या मार्चमध्ये औरंगजेबाच्या छावणीत संभाजी महाराजांचा अंत झाला. चाकण, आळंदी, तुळापूर ही तीन नावे आपण तीन वेगळ्या विषयांखाली शिकतो : किल्ले, भक्ती, बलिदान. नकाशावर ती एका दिवसाच्या चालीत बसतात.

आता गाव. ज्ञानदेवांच्या आधी आळंदी होती का? होती, आणि तिचे एक दैवतही होते. समाधी मंदिराच्या आवारातले सिद्धेश्वराचे शिवस्थान समाधीहून जुने आहे. परंपरा सांगते की समाधीच्या विवराचे द्वार सिद्धेश्वरासमोरच्या नंदीखाली होते. म्हणजे ज्ञानदेवांनी आपल्यासाठी निवडलेली जागा रिकामी माळरानाची नव्हती. ती आधीच नाथ-शैव परंपरेने पवित्र मानलेली होती. नाथपंथाची दीक्षा निवृत्तिनाथांकडून मिळालेल्या माणसाने असे करणे स्वाभाविक म्हणावे लागेल. आज आवारात शिरणाऱ्यांपैकी किती जण आधी सिद्धेश्वराकडे वळतात, हे पाहण्यासाठी मी एकदा बराच वेळ उभी राहिले होते. वळतात, पण थोडे, आणि बहुधा वयस्कर.

परंपरेनुसार ज्ञानदेवांचे आजोबा सिद्धोपंत हे आळंदीचे कुलकर्णी. या तपशिलावरून आपण सहज पुढे जातो, पण थांबून पाहिले तर त्यात एक सामाजिक चित्र आहे. कुलकर्णी म्हणजे हिशेब. हिशेब म्हणजे सारा. सारा म्हणजे व्यवस्थित जमीनधारणा असलेले, देवगिरीच्या यादवांच्या कारभाराशी जोडलेले गाव. विठ्ठलपंत मूळचे गोदाकाठच्या आपेगावचे. ते इथे आले, जावई झाले, संन्यास घेऊन काशीला गेले आणि गुरूच्या आज्ञेने परत गृहस्थाश्रमात आले. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. संन्याशाची मुले म्हणून चारही भावंडे वाळीत पडली आणि कुटुंब गावाबाहेर सिद्धबेटावर राहिले.

बेट या शब्दावर मला अधिक रेंगाळावेसे वाटते. नदीकाठची गावे आपली घरे पुराच्या रेषेच्या वर बांधतात. त्यासाठी अभियंता लागत नाही, तीन पिढ्यांची स्मृती पुरते. उंचवट्यावर पांढरी, खाली काळी, आणि नदीला लागून जी सखल, गाळाची, झाडीची जमीन उरते ती कोणाचीच नसते. तिथे गोसावी उतरतात, स्मशान असते, आणि ज्यांना गावात जागा नाही ते राहतात. सिद्धबेटाची कथा धर्मशास्त्राची म्हणून सांगितली जाते. ती जमिनीच्या उंचसखलपणाचीही कथा आहे. बहिष्कृताला गाव कुठे ढकलते? जिथे पाणी आधी येते तिथे.

इथे साधनांविषयी दोन शब्द, कारण धाग्याखाली हा प्रश्न येणारच. ज्ञानदेवांच्या आयुष्याचे आपले मुख्य जुने साधन म्हणजे नामदेवांच्या नावावरील आदि, तीर्थावळी आणि समाधी ही अभंगप्रकरणे. ती चरित्र म्हणून लिहिलेली नाहीत, आणि त्यांतले सगळेच अभंग एका हातचे आहेत असेही अभ्यासक मानत नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘भारद्वाज’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या शि. ए. भारदे यांनी ‘सुधारक’मधून तर असे प्रतिपादन केले की ज्ञानेश्वरी लिहिणारे आपेगावचे ज्ञानदेव आणि अभंग रचणारे आळंदीचे ज्ञानदेव या दोन भिन्न व्यक्ती होत. त्यावर मोठा वाद झाला. आज बहुतेक अभ्यासक एकच ज्ञानदेव मानतात. मात्र त्या वादाचे मोल वेगळ्या कारणासाठी आहे : श्रद्धास्थानाविषयी मराठीत पुराव्याच्या भाषेत भांडता येते, हे तेव्हा दिसले. आजच्या काही धाग्यांखालच्या प्रतिक्रिया वाचताना ‘सुधारक’चे ते अंक आठवतात.

ज्ञानेश्वरी आळंदीत लिहिली गेली नाही. ती शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, प्रवरेकाठच्या नेवाशात सिद्ध झाली. समाधी शके १२१८, कार्तिक वद्य त्रयोदशी : १२९६. त्याच १२९६ च्या आरंभी अल्लाउद्दीन खलजीने देवगिरीवर धाड घातली आणि रामचंद्रदेव यादवाला अपार खंडणी द्यावी लागली. एकाच वर्षात या दोन घटना आहेत, आणि कथाकाराला त्यांचा संबंध जोडण्याचा मोह होतो. मी तो जोडणार नाही. तसा पुरावा नाही. एवढेच म्हणता येते की आळंदीत जेव्हा समाधीची शिळा बसली, तेव्हा ज्या राज्यात ती बसली त्याचा पाया हलून काही महिने झाले होते. राज्य पुढच्या दोन दशकांत संपले. शिळा तिथेच आहे.

चारही भावंडांच्या समाध्या कुठे आहेत ते नकाशावर पाहा. निवृत्तिनाथ त्र्यंबकेश्वरी, गोदावरीच्या उगमाशी. सोपानदेव सासवडला, कऱ्हेच्या काठी. मुक्ताबाई जळगाव जिल्ह्यात, तापीच्या खोऱ्यात. ज्ञानदेव इंद्रायणीकाठी. गावातून काढलेल्या या मुलांनी शेवटी महाराष्ट्राची चार खोरी व्यापली.

त्यानंतर जवळजवळ तीन शतके आळंदीविषयी आपल्याला फार कमी दिसते. मग पैठणहून एकनाथ येतात. अजानवृक्षाची मुळी माझ्या कंठाला लागली आहे, ती काढ, असा ज्ञानदेवांचा दृष्टान्त त्यांना झाल्याची कथा आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली हे मात्र निश्चित. कथेतली मुळी आणि पोथीतले अपपाठ ही दोन्ही गुंतागुंत सोडवण्याचीच कामे, हे लोकांच्या कल्पनाशक्तीने अचूक हेरले असावे. (तो अजानवृक्ष आजही आवारात दाखवतात, आणि त्याच्या छायेत पारायण चालते.)

आळंदीच्या वरच्या अंगाला, त्याच नदीवर, देहू आहे. १६५० मध्ये तुकाराम गेले. त्यांचे पुत्र नारायणबाबा यांनी १६८५ च्या सुमारास तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवून देहूहून आळंदीस, आणि तिथून ज्ञानदेवांच्या पादुकांसह पंढरपूरला नेण्याची प्रथा सुरू केली. पुढे एकोणिसाव्या शतकात, सातारा जिल्ह्यातील आरफळचे आणि शिंद्यांच्या पदरी असलेले हैबतबाबा यांनी ज्ञानदेवांच्या पालखीचा स्वतंत्र सोहळा उभा केला. त्याला सैन्याची शिस्त दिली : दिंड्यांचे क्रमांक, मुक्काम, तळ, नगारा, अश्व. अंकलीचे शितोळे सरकार यांचे घोडे आजही बेळगाव भागातून चालत आळंदीला येतात. हैबतबाबांची समाधी महाद्वाराच्या पायरीशी आहे. आत जाणाऱ्या प्रत्येकाचा पाय तिच्याजवळून जावा अशी योजना. मराठी लष्कराच्या अस्तानंतर त्या लष्कराची चालण्याची पद्धत वारीत टिकून राहिली, असे मला वाटते. याहून चांगले संग्रहालय कोणी उभारलेले नाही.

गावाचे वर्ष दोन तिथ्यांभोवती फिरते, आणि दोन्ही तिथ्या नदीशी बांधलेल्या आहेत. ज्येष्ठ वद्य अष्टमीला पालखीचे प्रस्थान होते. तेव्हा मृगाचा पाऊस झालेला असतो, पेरणी उरकलेली किंवा उरकत आलेली असते, आणि इंद्रायणीला नवे, गढूळ, लालसर पाणी चढू लागलेले असते. दुसरी तिथी कार्तिक वद्य एकादशी आणि तिला लागून येणारा समाधीचा दिवस. तेव्हा खरीप घरात आलेला असतो, रात्री गारवा असतो, आणि नदीचा गाळ खाली बसून पाणी नितळ झालेले असते. पावसाळ्यात मुरलेले पाणी झिरपून पात्रात येते, त्यावर ती वाहते. कार्तिकीची यात्रा नितळ पाण्याची यात्रा होती. शेतकऱ्यांनी बनवलेले पंचांग आहे हे.

रेल्वेने आळंदीला वगळले. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग सुरू झाला. लोणावळ्यापासून तळेगावपर्यंत तो इंद्रायणीच्या खोऱ्यातूनच येतो, आणि मग नदीचा हात सोडून पवनेकडे, चिंचवडकडे वळतो. देहूच्या नावाचे स्थानक देहूपासून काही मैल दूर राहिले आणि आळंदीला तेवढेही मिळाले नाही. मला हे गावाचे दुर्दैव वाटत नाही. लोहमार्गावर चिंचवड, पिंपरी, खडकी यांचे जे झाले ते आळंदीचे झाले नाही. ती चालत येणाऱ्यांचे गाव राहिली. ब्रिटिश कारभाराने तिच्याकडे मुख्यतः यात्रा, गर्दी आणि पटकी या तीन शब्दांतून पाहिले. १८८५ मध्ये निघालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये आळंदीची नोंद आहे.

विसाव्या शतकात गावाला एक नवा व्यवसाय मिळाला : शिक्षण. १९१७ मध्ये विष्णुबुवा जोग यांनी इथे वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. कीर्तनकार घडवण्याचे चार वर्षांचे शिक्षण, कोणत्याही जातीच्या मुलाला, आणि तेही घराणे किंवा फड यांच्या बाहेर. आज गावोगावच्या सप्ताहांत जे महाराज उभे राहतात त्यांतल्या पुष्कळांची वाट आळंदीतून गेलेली असते. पहाटे गल्लीतून चालले तर एका खोलीत हरिपाठ, दुसरीत मृदंगाचे बोल, तिसरीत हार्मोनियम ऐकू येते. २०११ च्या जनगणनेत या गावाची लोकसंख्या तीस हजारांच्याही आत होती. एवढ्या लहान नगरात एवढ्या धर्मशाळा, एवढी मंगल कार्यालये आणि एवढे पखवाज महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच असतील. घरून पळून आलेली जोडपीही लग्नासाठी इथेच येतात. बहिष्कृतांच्या गावाला ते शोभते.

आता आमच्या बाजूची गोष्ट. पिंपरीला १९५४ मध्ये पेनिसिलीनचा सरकारी कारखाना सुरू झाला, नंतर औद्योगिक विकास महामंडळ आले, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. २०११ पर्यंत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या सतरा लाखांच्या वर गेली होती. हे शहर मुख्यतः पवनेचे, पण त्याची उत्तरेकडची अंगे, तळवडे, चिखली, मोशी, चऱ्होली, इंद्रायणीला लागून आहेत. समोरच्या तीरावर खेड तालुका, आणि तिथे नव्वदच्या दशकापासून चाकणचा पट्टा वाढला. महाळुंगे, निघोजे, खालुंब्रे, कुरुळी ही कालपर्यंतची शेतकरी गावे आज लाखो हातांची वस्ती आहेत. कारखाने आले तेव्हा रस्ते आले, वीज आली, भूखंडांचे क्रमांक आले. खोल्यांच्या चाळी उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्यासाठी मैलापाण्याची व्यवस्था त्या वेगाने आली नाही. उद्योगासाठी नियोजन झाले आणि कामगारासाठी ग्रामपंचायत उरली, असे या पट्ट्याचे एका वाक्यात वर्णन करता येईल.

परिणाम आळंदीच्या बंधाऱ्याखाली दिसतो. घरगुती आणि औद्योगिक सांडपाण्यातली साबणासारखी द्रव्ये पाण्यात असतात. पाणी बंधाऱ्यावरून कोसळताना त्यात हवा मिसळते आणि पांढरा फेस तयार होतो. पावसाळ्यात पाणी मुबलक असल्याने तो विरतो. पात्र आटू लागले की तो साचतो. म्हणजे नेमका कार्तिकात, जेव्हा पाणी नितळ असायचे. गेल्या काही वर्षांत यात्रेच्या तोंडावर बर्फासारख्या फेसातून वाट काढत स्नान करणाऱ्या वारकऱ्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात, आणि यात्रा सरली की ती येणे थांबते. फेस थांबत नाही.

माझी आजी परभणीकडची. ती कार्तिकीला येत असे, आणि परतताना झाकणाच्या तांब्यात इंद्रायणीचे पाणी नेत असे. ते पाणी देवघरात असे, आणि घरात कोणी अखेरच्या घटका मोजत असेल तर चमचाभर तोंडात घालत. माझे वडील पुढे चाकणला कामाला लागले, आम्ही महाळुंग्यात आलो, आणि आजीला वाटले की आता नदी घरालगत आली. शेवटच्या दोन खेपांना तिने घाटावर पाणी हातात घेतले, वास घेतला आणि तांब्या रिकामा परत नेला. त्याविषयी ती काहीच बोलली नाही. इतिहासात एखादी प्रथा कधी संपली हे आम्ही कागदपत्रांत शोधतो. आमच्या घरातली एक प्रथा माझ्या डोळ्यांदेखत अशी संपली, आणि तिची नोंद कोणत्याही दप्तरात नाही.

नदीची स्मृती मात्र शाबूत आहे. चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेच्या आत उभे राहिलेले छत्तीस बंगले हरित लवादाच्या आदेशानंतर मे २०२५ मध्ये पाडण्यात आले. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा. ती बातमी वाचताना मला सिद्धबेट आठवले. तेराव्या शतकात त्या सखल जमिनीवर राहणे ही शिक्षा होती. आता तीच जमीन नदीचे दृश्य दाखवून विकली जाते. आणि त्याच वेळी आमच्या बाजूला, ओढ्यांच्या अगदी काठाला, पत्र्याच्या खोल्यांत बिहारहून, ओडिशाहून, विदर्भ-मराठवाड्यातून आलेली मुले राहतात, कारण तिथे भाडे कमी असते. त्यांना कोणी वाळीत टाकलेले नाही. तरीही पाणी आधी त्यांच्याकडेच येते.

आळंदीकर आज पितात ते पाणी भामा आसखेड धरणातले, नळाने आलेले. इंद्रायणीकाठचे गाव तहानेसाठी शेजारच्या नदीवर अवलंबून आहे, आणि इंद्रायणी तिथे स्नान, आरती आणि छायाचित्रे यांपुरती उरली आहे. पण नदी घाटावर संपत नाही. ती पुढे मरकळवरून तुळापूरला जाते, भीमेला मिळते, दौंडच्या बाजूने वाहत १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनीच्या जलाशयात थांबते. पालखी दुसऱ्या वाटेने जाते : दिवे घाट चढते, सासवडला सोपानदेवांच्या गावी थांबते, नीरा ओलांडते. ती साधारण तीन आठवड्यांत पंढरपूरला पोहोचते. आळंदीच्या बंधाऱ्यावरून गेलेले पाणीही, उजनीतून सोडले जाईल तेव्हा, तिथेच पोहोचते. तिथे त्याला चंद्रभागा म्हणतात, आणि वारकरी त्यात उतरतो.